लंडन ते सोलापूर, होटगीमार्गे

शुक्रवार पेठेत माझं सुताचं दुकान. सकाळी दोन माणसं टेकली की चहा येईपर्यंत एक किस्सा तयार! नाना वकिलांच्या वसंताने तर आम्हाला महिनाभर पुरतील एवढे दिले.

नानांच्या कमलचं लग्न ठरलं. थोरला वसंत लंडनला बॅरिस्टरीच्या परीक्षेत अडकलेला. बोटीने निघाला तर लग्न उरकल्यावर पोचणार. कमल हटून बसली, "होमाच्या वेळी माझ्या ओंजळीत लाह्या घालील तर दादाच. चुलतभाऊ चालणार नाही!"

वसंताची तार आली: कराचीपर्यंत विमानाने येतो, पुढे आगगाडीने.

*

जोशी मास्तर म्हणाले, "पाच हजार मैल."

आमचा नरसय्या विणकर. तोंडी आकडा त्याला पटत नाही. त्याने भिंतीवरच्या नकाशावर सूत ताणलं. चांगलं हातभर भरलं. मास्तरांनी शाळेतला पृथ्वीचा गोल आणवला. त्यावर तेच अंतर वीतभरसुद्धा भरेना!

नरसय्या खूश. "नाना, पोराला कळवा की, गोलावरनं ये म्हणून. उद्याच पोचतोय!"

*

मग वसंताचं पत्र आलं. विमान संध्याकाळी उतरतं, उतारू जेवून झोपतात, सकाळी पुन्हा उड्डाण. असे सात दिवस.

मी मूळचा सांगोल्याचा. म्हटलं, "नाना, ही तर आमच्या मेंढरांची रीत. दिस मावळला की तळ!"

नाना दोन दिवस दुकानात आले नाहीत.

*

तिसऱ्या दिवशी आले ते पत्राचं मागचं पान घेऊन. युरोपात मधला थोडा टप्पा आगगाडीने आहे म्हणे!

मास्तरांनी चष्मा पुसला. "तिकीट विमानाचं आणि बसायचं रेल्वेत? नाना, तुम्ही वकील ना? दावा लावा!"

*

लग्नाच्या दिवशी मात्र कुणी हसेना. सकाळची गाडी येऊन गेली, वसंत उतरला नाही. अक्षता पडल्या. होम पेटला. भटजी म्हणाले, "भाऊ कुठं आहे?" कमल ओंजळ उघडेना. नानांना घाम फुटला.

तेवढ्यात मांडवापुढे बैलगाडी थांबली. सुटाला कडबा चिकटलेला वसंत उडी मारून उतरला आणि धावत होमापाशी गेला. कमलने ओंजळ पुढे केली.

झालं होतं असं, की विमानाची दिवसभराची घरघर रात्री मुक्कामातही कानात घुमायची, आठवडाभर पठ्ठ्याचा डोळा लागला नव्हता. कुर्डुवाडी सुटल्यावर लागला तो सोलापूर ओलांडून होटगीला उघडला. परतीची गाडी संध्याकाळी, म्हणून ही बैलगाडी.

पंगतीत आम्ही गाडीवानाला मानाने बसवलं. मी जरा ऐटीतच म्हणालो, "पाव्हणं, कुणाला आणलंत ठाऊक आहे का? लंडनहून कराचीपर्यंत आभाळातून आलाय हा!"

"व्हय की, वाटंत लई सांगितलं त्यांनी," गाडीवान लाडू फोडत म्हणाला. "आमी इचारलं, आभाळातनं समदं दिसत आसंल न्हवं? मग हितं मांडवात उतरायचं सोडून होटगीला कशापायी उतरलासा?"