इस्माईलचाचांचा गोल्फचा माळ

इस्माईलचाचांना गोल्फ खेळता यायचं नाही. अजिबात नाही.

तरी आमच्या गावात गोल्फ कोर्स आहे, ते त्यांच्यामुळं.

हसा. बारामतीतल्या माझ्या मैत्रिणी पण हसतात. इंदापूर तालुका, चारी बाजूंनी ऊस आणि मध्ये गोल्फ? हो, गोल्फ. विश्वास नसेल तर येऊन बघा.

आज चाचांना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून कशातच लक्ष लागेना, म्हणून लिहितेय.

चाचांचं भवानीनगरच्या रस्त्याला ट्रॅक्टरचं गॅरेज. तरुणपणी ते पुण्यात एका गोल्फ क्लबात मोठ्या लोकांच्या बॅगा उचलायचे. तिथून गावी आले ते डोक्यात गवत घेऊनच.

"वैनी, पायाखाली गादी असल्यागत गवत. चप्पल घालून चालायची लाज वाटायची."

वैनी म्हणजे मी. आमचा ट्रॅक्टर शेतात कमी आणि चाचांच्या गॅरेजात जास्त असायचा, त्यामुळं ही गवताची कथा मला तोंडपाठ.

गावाबाहेर ग्रामपंचायतीचा पडीक माळ होता. दगड आणि बाभळी. चाचांनी विचारलं, हितं खेळायला जागा करू का? पंचायतीला वाटलं क्रिकेट. करा म्हणाले.

चाचांनी दगड वेचले आणि गोट्यांसाठी करतो तशा गली खणल्या. जरा खोल, आत पत्र्याचा डबा.

गवताला पाणी कुठलं? मग प्रत्येक गलीभोवती बारीक वाळू पसरली आणि त्यात गॅरेजातलं जळकं ऑइल मिसळलं. वाळू उडत नाही, चेंडू सरळ जातो. बाकीच्या माळावर उगवेल ते धनगरांच्या मेंढ्या खायच्या, म्हणजे कापायचा खर्च मिटला. काठ्या पाइपला लोखंड वेल्ड करून. चेंडू पुण्याच्या जुन्या दोस्ताकडून, गोणीत भरून.

फी नाही. नियम एकच. खेळून झालं की आपल्या पायांनी उकरलेली वाळू फळीनं सपाट करून जायची. कुणी का असेना.

शाळा सुटली की पोरी यायच्या. बचत गटाची मीटिंग संपली की आम्ही बायका. शांताबाई नऊवारीचा काष्टा घट्ट करून असा काही शॉट मारायच्या की चेंडू थेट उसात. चाचांचा चेंडू मात्र पायापाशीच घुटमळायचा.

"माझ्या खेळाकडं बघू नगा," म्हणायचे. "ग्राउंड बघा."

एका वर्षी त्यांना राहवलं नाही. गवताचं बियाणं आणलं आणि गलींभोवती पेरलं. माझ्या दिरानं कॅनॉलचं आपल्या पाळीचं पाणी माळाला दिलं.

आता आमची माणसं पडली ऊसवाली. पाणी देणं म्हणजे पाटाची दारं धरायची आणि शेत तुडुंब भरायचं, एवढंच माहीत. त्यांनी माळही तसाच भरला. ऑइलची वाळू गेली, बियाणं गेलं, सगळं खालच्या ओढ्यात.

महिन्याभरात ओढ्याच्या काठाला काय गवत आलं म्हणता. माळ होता तसाच.

चाचा रोज संध्याकाळी ओढ्यावर जाऊन बसायचे. दीर तोंड लपवत फिरत होता. चाचाच त्याला म्हणाले, "उगावलं तर हाय की. आपल्या म्हशी खातील."

मग मी सरपंच झाले आणि पुण्याचे एक साहेब आले. माळ लीजवर द्या. खरं गवत लावतो, स्प्रिंकलर बसवतो, कोच आणतो. पंचायतीला दरवर्षी भाडं.

मला पटलं होतं. गावालाही. आणि सगळ्यात जास्त चाचांना.

ग्रामसभेला ते दाढीला मेंदी लावून, इस्त्रीचा शर्ट घालून पुढंच बसले. सगळ्यात आधी उठले. "द्या. मी म्हणतो द्या. आमाला काय हे जमायचं न्हाय."

साहेबांनी मोबाइलवर त्यांच्या दुसऱ्या कोर्सचा फोटो दाखवला. चाचा बराच वेळ बघत राहिले.

मग विचारलं, "आन आमी खेळायला कवा यायचं?"

साहेब चांगलं बोलणारे होते. म्हणाले, "मेंबर नसेल त्याला गेटच्या आत सोडता येणार नाही, चाचा. मेंटेनन्सचा खर्च फार असतो. पण तुम्हाला मी कायमचा पास देतो. हे सगळं तुम्हीच सुरू केलंय."

चाचांनी मागं वळून बघितलं. शांताबाई होत्या, शाळेतल्या पोरी होत्या, धनगराचा म्हातारा होता.

"आन ही?"

साहेबांनी मोबाइल खिशात घातला.

"मग न्हाय," म्हणाले आणि खाली बसले.

त्यानंतर लीजच्या बाजूनं एकही हात वर झाला नाही. माझाही नाही.

मी त्यांना स्कूटीवरून घरी सोडलं. दारात उतरले आणि म्हणाले, "वैनी, गवत लई भारी होतं वो." आणि लहान पोरासारखे रडले. मी पण रडले.

गेल्या वर्षी बारामतीच्या दवाखान्यात त्यांना भेटायला गेले. आवाज पार खोल गेला होता.

"गवत न्हायच आलं, वैनी."

"न्हाय आलं, चाचा. पण गेटबी न्हाय आलं."

त्यांनी उशीवरच मान हलवली.

"व्हय. त्ये बरं झालं."

तेच आमचं शेवटचं बोलणं.

चाचा, खूप आठवण येते तुमची. जिथं गेलात तिथं पायाखाली गवत असेल, याची मला खात्री आहे. आणि तिथं दारात कुणाला अडवत असतील तर तुम्ही आत न जाता बाहेरच भांडत बसला असाल, याचीही.

गावाचा सलाम घ्या.