साडेतीन बोटांचा बिबट्या

आदिनाथच्या आणि माझ्या घराच्या मध्ये घेवड्याचा एक वेल आहे, बाकी कुंपण नाही. त्याच्याकडे काय शिजतंय ते मला वासावरून कळतं आणि काय बिनसलंय ते आवाजावरून. पंधरा वर्षांचा शेजार. तेवढ्यात या माणसानं हाती घेतलेलं एक काम पुरं केलेलं मी पाहिलं नाही, आणि त्याचं त्याला कधी वाईट वाटलेलंही पाहिलं नाही. गोठा अर्धा, संडासाची भिंत अर्धी. लग्न तेवढं पुरं केलं, तेही सारिकाच्या बापानं.

आमची वरची वस्ती औंढे गावाच्या डोक्यावर, डोंगरात आहे. सात घरं. शाळा खाली गावात. पोरं अर्धा-पाऊण तास उतरतात, कारवीच्या रानातून, वस्तीच्या खालीच एक ओढा ओलांडून. रानात जनावर आहे, यात खोटं काही नाही. मागच्या वर्षी धोंडाबाईचा कुत्रा भरसंध्याकाळी ओट्यावरून गेला. साखळी राहिली, कुत्रा नाही. म्हणून वस्तीनं पाळी लावलीय. रोज एका घरातलं मोठं माणूस सगळ्या पोरांना घेऊन खाली जातं आणि शाळा सुटली की वर आणतं. हातात वेताची काठी, तिला बैलाचे जुने घुंगरू बांधलेले. संध्याकाळी पोरं ती काठी पुढच्या घराच्या दाराला टेकवून ठेवतात. ज्याच्या दाराला काठी, त्याची उद्याची पाळी. एवढं सोपं.

आदिनाथच्या दाराला काठी लागली की त्याचा गुडघा धरायचा. गुडघा नाही धरला तर कंबर. मग सारिका जायची, पदर खोचून, चुलीवरचं तसंच टाकून. हा ओट्यावर बसून चहा पीत तिला सांगायचा, "जपून जा, रान लय वाईट हाय." आणि हाच माणूस शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या बंगल्यांवर उतरलेल्या पाहुण्यांना बिबट्याचं रान दाखवायला न्यायचा. तेव्हा गुडघा एकदम बरा. दहाबारा खिशांचं हिरवं जॅकेट, गोल टोपी, गळ्यात दुर्बीण. दुर्बिणीची एक बाजू आंधळी आहे, ते फक्त आम्हाला माहीत.

बिबट्या काय असा मागितल्यावर दिसतो? पण पाहुणा रिकाम्या हातानं परत गेला तर पुढच्या आठवड्यात दुसरा येत नाही. तर आदिनाथच्या पाहुण्यांना दर वेळी ठसे मात्र सापडायचे. ओढ्याच्या कडेला ओल्या मातीत, ताजे, नखांसकट. बायका किंचाळायच्या, पुरुष बाजूला नाणं ठेवून फोटो काढायचे, आणि आदिनाथ हळू आवाजात सांगायचा की जनावर आत्ताच गेलंय, बोलू नका.

शनिवारी उजाडता-उजाडता मला तो ओढ्यापाशी उकिडवा बसलेला दिसायचा. दोनदा, तीनदा पाहिलं. मला वाटलं पोट बिघडलंय. मी सारिकाला जाऊन सांगितलं, ताकात हिंग घालून दे. तिनं दिलंही. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

डिसेंबरात एका शनिवार-रविवारी पाहुणे आलेच नाहीत. लोणावळ्यात गाड्यांची इतकी कोंडी झाली की ते खालूनच परत फिरले. ठसे तसेच राहिले. पाहुण्यांच्या बुटांनी ते दर वेळी पुसले जात असत, या वेळी पुसायला कोणी नव्हतं. सोमवारी पाळी धोंडाबाईची. ओढ्यापाशी पोरांनी ठसे पाहिले, धोंडाबाईनं पाहिले, आणि म्हातारी सगळ्यांना घेऊन जी उलटी फिरली ती थेट माझ्या अंगणात येऊन बसली. पाणी मागितलं आणि ते न पिताच पोरं मोजत बसली.

तासाभरात वस्ती गोळा झाली. आता एवढ्या माणसांत बिबट्याची माहिती कुणाला? आदिनाथला. त्याला खुर्ची दिली. माझ्याच घरातली, प्लॅस्टिकची, लाल. मला वाटलं तो निदान जनावर निघून गेलं असेल असं तरी म्हणेल. पण ज्याला आयुष्यात कुणी खुर्ची दिली नाही त्याला खुर्ची दिली की उतरवत नाही. तो म्हणाला, मादी आहे. मग थोडं थांबून म्हणाला, पिलं आहेत. आठ-दहा दिवस ती जागा सोडणार नाही.

ठरलं. दहा दिवस पोरं घरी.

त्याची थोरली प्रेरणा भिंतीला टेकून हे ऐकत होती. पाचवीतली, काटकुळी, गुडघ्यावर कायम खरचटलेली. शुक्रवारी वडगावला तालुक्याचे खो-खोचे सामने होते आणि शाळेच्या संघात आमच्या वस्तीच्या पाच पोरी होत्या. उतारावर वाढलेली पोरं ती, वळायला त्यांना जमीन लागत नाही. त्या पाच काढल्या तर संघच नाही. खालच्या रेणुका मॅडमनी फोनवर तेच सांगितलं. बुधवारपर्यंत पोरी सरावाला आल्या तर नेते, नाहीतर नाव काढून घेते. प्रेरणा पळती बाजू सांभाळायची. दोन वर्षं त्या एका शुक्रवारची वाट बघत होती. बापाला म्हणाली, "पप्पा, पावण्यांना नेता तसं आमाला न्या." आदिनाथ म्हणाला, पाहुण्यांची गोष्ट वेगळी, पिलांची मादी कुणाचं ऐकत नाही. जॅकेटच्या खिशात हात घालून म्हणाला.

मंगळवारी वनरक्षक आला. धम्मदीप, बेडश्याचा, नवाच लागलेला, पण मुलगा हुशार. धोंडाबाईनंच फोन केला होता. तो ओढ्यापाशी गुडघ्यावर बसला, पट्टीनं मोजलं, चार पावलं पुढं गेला, परत आला. मागे आम्ही सगळे, पोरांसकट. त्याला हसू येत होतं, ते त्यानं दाबलं. म्हणाला, बिबट्या चालताना नखं आत घेतो, ह्याची सगळी बाहेर. चार पायांचं जनावर डावा-उजवा टाकतं, हा सगळीकडे उजवाच टाकतोय, म्हणजे एका पायावर लंगडी घालत ओढा ओलांडला. आणि ह्याचं मधलं बोट अर्धंच आहे, प्रत्येक ठशात.

"मावशी, हे बिबट्याचं नाही," तो धोंडाबाईला म्हणाला. "पोरांना पाठवा."

धोंडाबाईनं त्याच्याकडे तराजू दाबणाऱ्या भाजीवाल्याकडे बघावं तसं पाहिलं. कुत्रा गेला तेव्हाही त्यांचा माणूस येऊन म्हणाला होता की बिबट्या नाही, तरस असेल. रानखातं कधी हो म्हणत नाही, हे वस्तीला पक्कं माहीत. "तुमी तर न्हाईच म्हणणार," ती म्हणाली, "न्हाईतर पिंजरा लावावा लागंल." आदिनाथनं मागून पुस्ती जोडली की साहेब नवीन आहेत, पुस्तकात पाहिलेलं वेगळं आणि रानातलं वेगळं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सरकारी माणसाचं खरं खोटं ठरलं आणि आदिनाथचं खोटं खरं. मी चाळीस माणसांची लग्नं जुळवलीत, पण इतकं विजोड मी कधी पाहिलं नव्हतं.

मी मात्र प्रेरणाकडे बघत होते. धम्मदीप अर्ध्या बोटाचं बोलला तशी तिची नजर मातीवरून उठली आणि बापाच्या उजव्या हातावर गेली. आणि आदिनाथनं तो हात खिशात घातला.

सहा वर्षांपूर्वी कडबा कापायच्या यंत्रात त्याचं मधलं बोट गेलं, वरची दोन पेरं. तेव्हा महिनाभर अख्खी वस्ती त्याच्या नावानं हळहळली होती, मी स्वतः पेज करून दिली होती. पण आपला हात आपल्या सवयीचा असतो. त्या मुठीनं आणि चार बोटांनी तो दर शनिवारी बिबट्या उमटवत होता आणि बिबट्याला आपलं व्यंग लागतंय हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. नखं काटक्यांनी टोचायचा. पाहुण्यांना नखं आवडतात म्हणून.

धम्मदीपनं जाता-जाता पोरांना विचारलं, भीती वाटते का. प्रेरणा म्हणाली, "मला न्हाई वाटत. त्याला मी ओळखते."

त्या संध्याकाळी मी घेवडा तोडत होते. घेवडा सकाळीच तोडून झाला होता, पण असू दे. पलीकडे ओट्यावर बाप-लेक दोघंच होते.

"पप्पा, हात दाखवा."

"कशाला?"

"दाखवा तर."

त्यानं दाखवला नाही. ती ओरडली नाही की रडली नाही. रडली असती तर त्यानं तिला कुशीत घेऊन वेळ मारून नेली असती, त्यात तो पटाईत आहे. ती म्हणाली, "उद्यापासून आमाला तुमी न्यायचं. शाळंत बी आन सरावाला बी. सगळ्यांच्या म्होरं."

"आगं, मीच म्हणालो ना मादी हाय म्हणून. लोकं काय म्हणतील?"

"ते तुमचं तुमी बघा. न्हाईतर मी धम्मदीपकाकांना सांगते, त्या मादीचं बोट कुटं तुटलं ते."

त्यानं तो हात मांडीखाली दाबला. मग सारिका आतून म्हणाली, "भाकरी झाल्यात." तिनं सगळं ऐकलं होतं. बारा वर्षांत पहिल्यांदा तिनं नवऱ्याच्या आधी लेकीला वाढलं. माझ्या वेलातून ताट दिसतं.

बुधवारी सकाळी आदिनाथ जॅकेट-टोपी घालून घरोघर फिरला. म्हणे पहाटे त्यानं स्वतः पाहिलं, मादी पिलांना घेऊन डोंगरापलीकडे बेडश्याच्या अंगाला उतरली. तीन पिलं. परवा किती ते तो म्हणाला नव्हता, आज मोजली. आणि पोरांना आता मी स्वतः नेणार, असंही म्हणाला. धोंडाबाईनं त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मला पदर तोंडात धरावा लागला. तरी वस्तीनं दोन माणसं जायची असं ठरवलंच होतं, दुसरी मी झाले. एवढी मजा मी सोडते थोडीच.

उतरताना दिवस होता, वाघच चाललाय असं वाटलं. काठी आपटत, घुंगरू वाजवत, पोरांना मागं हटा, पुढं बघा करत. ओढ्यापाशी ठसे बुटानं पुसून म्हणाला, पोरांना भीती नको वाटायला. वाटेत त्याची धाकटी शुभदा, पहिलीतली, विचारत होती, पिलं काय खातात, त्यांना शाळा असते का. तो सगळ्याची उत्तरं देत होता. काही तर मी घरी येऊन कोंडाजीला, म्हणजे आमच्या मालकांना, सांगितली. ते दोन दिवस हसत होते.

सराव संपेपर्यंत सूर्य डोंगराआड गेला. परत चढताना कारवीत अंधार साचायला लागला आणि आदिनाथ हळूहळू पुढून मध्ये आला, मधून मागे आला. ओढा ओलांडला आणि वरच्या बाजूला काहीतरी जोरात भुंकलं. एकदाच, घसा खरवडल्यासारखं.

पोरं थांबली, ऐकलं, आणि पुढं चालायला लागली. मी मागं पाहिलं तर आदिनाथ नाही. काठी वाटेवर पडलेली. वर पाहिलं. जांभळाच्या पहिल्या फांदीवर, टोपी खाली, दुर्बीण फांदीत अडकलेली, दोन्ही पाय हवेत.

"पप्पा," शुभदा खालून म्हणाली, "भेकर हाय त्ये, हरणातलं."

तो आणखी वरची फांदी धरायला लागला.

"आन बिबट्याला झाडावर चढता येतंय," ती म्हणाली. "मॅडमनी शिकवलंय."

पोरांतलं कुणी हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं, ते हसणं दोन दिवसांत विरलं असतं. प्रेरणानं काठी उचलली, शुभदाचा हात धरला आणि म्हणाली, "काकू, चला. ते येतील." आम्ही निघालो. मागून बराच वेळ फांदीचा आवाज येत होता. माणूस उतरायलाही शिकलेला नव्हता.

शुक्रवारी पोरी वडगावला गेल्या. पहिला सामना जिंकल्या, दुसरा दोन गुणांनी हरल्या. पण प्रेरणा दोन्ही सामन्यांत शेवटपर्यंत बाद झाली नाही, आणि तालुक्याच्या संघासाठी जी नावं वाचली त्यांत तिचं आलं. रेणुका मॅडमनी फोनवर सांगितलं तेव्हा सारिका माझ्या अंगणात येऊन रडली. आदिनाथनं पेढे वाटले आणि वाटताना प्रत्येक घरी सांगितलं की पळायला मीच शिकवलं. धोंडाबाई अजूनही त्याला वाघ म्हणते.

आता सरावाला रोज वडगावला जायचं. खालून पहिली जीप साडेसहाला, म्हणजे वस्तीतून पावणेसहाला निघावं लागतं. आदिनाथनं पहिल्या दिवशी गुडघा धरला. प्रेरणा दारात उभी राहून त्याच्या हाताकडे बघत राहिली, बस. तो उठला.

जाताना ती पुढे असते, बॅटरी तिच्याच हातात. त्याचं मला काही नाही. खरी गंमत परतीची आहे, कारण तिला जीपमध्ये बसवलं की त्याला एकट्याला वर चढावं लागतं, आणि तेव्हा पुरतं उजाडलेलं नसतं. तो मोबाईलवर गाणी लावतो, मोठ्ठ्यानं, मध्ये-मध्ये खोकतो, मध्येच कुणाशी तरी बोलल्यासारखं करतो. मी चूल पेटवत असते. ओढ्यापाशी आला की गाणं थांबतं, कारण पाणी ओलांडायला त्याला मोबाईल बंद करून खिशात घालावा लागतो आणि दोन्ही हातांनी पँट वर धरावी लागते, आणि मग तो जोरजोरात धोंडाबाईला हाक मारतो, दूध काढलं का म्हणून. धोंडाबाईला म्हातारपणी तेवढ्या लांबचं ऐकू येत नाही. मी ओ देत नाही.