राखेतला मणी

पिंपळे गुरवच्या त्या बाई गॅसच्या ज्योतीवर काचेचे मणी वळायच्या. तयार मणी हळूहळू निवावा म्हणून गरम राखेच्या डब्यात पुरायच्या आणि डब्याकडे कान देऊन बसायच्या.

माझ्या लेकीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि महिनाभर ती गप्प गप्पच होती. तिच्या माळेचे मणी न्यायला मी गेले, तेवढ्यात डब्यातून ‘टक्’ असा आवाज आला. “फुटला का हो मणी?” मी विचारलं.

बाई मात्र शांत. “फुटायचा आसंल तर हितंच फुटू द्या, ताई. गळ्यात गेल्यावर न्हाई.”

बाहेर येऊन मी हिंजवडीला, लेकीच्या ऑफिसात फोन लावला.

“खरं सांग, तुला हे लग्न करायचंय ना गं?”

बाईंसारखीच मी फोनला कान देऊन उभी राहिले.