व्हय महाराजा म्हटलं, की जायला लागतं

"देव बोलणा नाय गे ताई," असं माझा धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, तेव्हा मी गाझियाबादच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. त्याचा आवाज इतका बसलेला होता, की मला आधी वाटलं घरात कुणी आजारी आहे. आजारी कुणी नव्हतं. भाऊ मालवणच्या दक्षिणेला, आमच्या गावी, समुद्राच्या काठावर राहतो. त्याने आणि वहिनीने घरामागे पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या आणि त्यावरच त्यांचं घर चालत होतं. आता त्या खोल्यांना कुलूप लावून मुंबईला जायचं का, हे विचारायला तो ग्रामदैवताच्या, म्हणजे रवळनाथाच्या देवळात गेला होता. आमच्याकडे असा मोठा निर्णय देवाला कौल लावल्याशिवाय होत नाही. गुरव देवाच्या मूर्तीवर फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. त्या दिवशी भावाने विचारलं आणि पाकळ्या जागच्या जागी राहिल्या. उजवी नाही, डावी नाही. सगळे तिष्ठत बसले, शेवटी गुरवानेच पाकळ्या उतरवल्या आणि म्हणाला, देव गप आहे, गाऱ्हाणं घाल आणि थांब.

हे सगळं झालं त्याच्या आदल्या वर्षीच्या वैशाखात वादळ आलं होतं. माड मुळासकट पडले, सुरूचं बन आडवं झालं, खोल्यांची कौलं उडाली आणि किनाऱ्यावरची वाळू तर समुद्राने अशी ओरबाडून नेली, की खालचे काळे खडक उघडे पडले. पण समुद्राचं एक बरं असतं, तो नेलेलं पुष्कळसं परत आणून देतो. पुढचा पावसाळा सरला आणि लाटांनी वाळू पुन्हा पसरली. भावाने कौलं घातली, भिंती रंगवल्या, वहिनीने खळ्यात, म्हणजे दारापुढच्या अंगणात, नवी तुळस लावली. सगळं पूर्वीसारखं झालं, फक्त माणसं आली नाहीत. वादळाच्या दिवशी कुणीतरी काढलेला व्हिडिओ लोकांच्या मोबाइलवर फिरतच राहिला आणि त्यात आमचा किनारा रोज नव्याने उद्ध्वस्त होत राहिला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे तर ज्यांनी दूधही प्यायलं नव्हतं ते ताकाला घाबरून बसले होते! एक अख्खा हंगाम कोरडा गेला. वहिनीने सांगून टाकलं, या दिवाळीलाही कुणी आलं नाही तर आपण तिच्या भावाकडे मुंबईला जायचं, त्याने कुठेतरी कामाचं बघून ठेवलंय. तिचंही चुकीचं नव्हतं. रिकाम्या खोल्या रोज झाडायला फार मोठं काळीज लागतं.

मी स्वस्थ बसणारी बाई नाही. दिल्लीत इतकी वर्षं काढली, इथे कामं कशी करून घ्यायची ते मला कळतं, असा माझा समज होता. नोएडाच्या ऑफिसात डबा खाताना मी सगळ्यांना नव्या किनाऱ्याचे फोटो दाखवले. सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. मुलीकडून छानसा व्हिडिओ करून घेतला, त्यात वहिनीचे घावन आणि सोलकढी, सकाळी किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणारी माणसं, सगळं होतं. लोक म्हणायचे, "अरे, वहाँ तो तूफ़ान आया था ना? सब उड़ गया था." मी सांगायची, आता सगळं ठीक आहे. ते म्हणायचे, "अच्छा? बिल्कुल चलेंगे कभी." ते "कभी" म्हणजे काय हे दिल्लीत राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. मी भांडायचीसुद्धा. दर वर्षी डोंगरात पूर येतो, दरड कोसळते, तरी तुम्ही मनालीला जाताच ना, असं मी एका सहकाऱ्याला चारचौघांत सुनावलं. तो आमच्या गावाला तर गेला नाहीच, पण पुढे माझ्याबरोबर डबा खायचाही बंद झाला. भावाच्या फोननंतर मात्र मी हात टेकले. देवघरातल्या रवळनाथाच्या तसबिरीसमोर बसले आणि खरं सांगते, नमस्कार केला नाही. म्हटलं, माणसं ऐकत नाहीत ते मी समजू शकते, पण तू तरी बोलायला काय झालं होतं?

त्यानंतर काही दिवसांतच गणपती आले. आमच्या भागातल्या मराठी मंडळींचा गणपती एका सामुदायिक हॉलमध्ये बसतो. नोकरीनिमित्त आलेली पुण्यामुंबईची कुटुंबं असतात, छावणीतले फौजी आणि त्यांची बायकामुलं येतात, शेजारपाजारची हिंदी माणसं तर मोदकांसाठी हटकून येतात. विसर्जनाआधी तिथे गाऱ्हाणं घालायची पद्धत आहे. माझी मुलगी दिल्लीतच वाढली, तिला इतकी वर्षं हा कुणाच्या तक्रारीचा कार्यक्रम वाटत होता. तक्रार नव्हे, कोकणात देवापुढे मोठ्याने मागणं मागतात त्याला गाऱ्हाणं म्हणतात. एक जण सगळ्यांच्या वतीने मागतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं "व्हय महाराजा" म्हणून होकार देतात. त्यात एक नियम आहे, मागणारा स्वतः कधी "व्हय" म्हणत नाही. ते इतरांनीच म्हणायचं असतं. आमच्याकडे गाऱ्हाणं घालणारे सावंतवाडीचे एक आजोबा होते, पण ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले होते. मंडळाचे अध्यक्ष मूळचे नाशिकचे, त्यांना मालवणी शब्द जमेना, म्हणून ते माझ्याकडे आले. मी म्हटलं, आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. ते म्हणाले, "ताई, हे गाझियाबाद आहे. इथे जो घालेल तो घालणारा. चला, आरती झाली."

मी उभी राहिले, हात जोडले आणि तोंड उघडलं. आता समोर गणपती होता, तर गणपतीला हाक मारायला हवी होती. पण लहानपणापासून कानावर पडलेलं गाऱ्हाणं ते, जिभेवर आमचाच देव आला. "बा रवळनाथा महाराजा! आज ही सगळी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत. कोण खंयचो, कोण खंयचो, पण हात सगळ्यांनी जोडले आसत." हॉलभर उत्तर आलं, "व्हय महाराजा!" मग कुणाच्या मुलांच्या परीक्षा, कुणाच्या नोकऱ्या, सीमेवर असलेल्यांचं रक्षण, असं सगळं मी मागितलं. आणि थांबायच्या ऐवजी पुढे गेले. "बा महाराजा! वैशाखात वादळ इलां, माड मोडले, कौलां उडाली. आता दर्यो निवळलो, वाळू परत इली, घरां उभी रवली. पण वाटेर माणूस नाय. माणसां भियेतत. तेंच्या मनातली भीती काढ आणि तेंची पावलां आमच्या दर्याकडे वळव रे महाराजा!" तेव्हा मी मागत होते ते अगदी मनापासून, त्यात माझी हुशारी काहीच उरली नव्हती. फौजी मंडळींनी छातीतून आवाज काढला, "व्हय महाराजा!" तो इतका मोठा होता की बाहेर प्रसादाच्या रांगेतली माणसंही डोकावून बघू लागली.

खाली बसले तसे अध्यक्ष हसत म्हणाले, "ताई, एकदम मस्त झालं यार, पण अर्ज दुसऱ्याच ऑफिसात लावलात! गणपती इथे बसलेत आणि तुम्ही सगळं रवळनाथाला सांगितलंत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या लोकांसमोर देवाचं नाव चुकावं आणि वर आपल्या घरचं रडगाणं गावं! मी मोदकांच्या ताटामागे तोंड लपवत होते, तेवढ्यात एक बाई माझ्याजवळ आल्या. साठीच्या असतील, सुती साडी, केस पांढरे. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मुझे तो हमारे ओडिया समाज की गणेश पूजा में जाना था, गलत गेट से अंदर आ गई. सबने हाँ बोला तो मैंने भी बोल दिया. अब बताइए, मैंने किस बात पर हाँ की है?" मला हसू आलं. मी त्यांना सगळं सांगितलं, किनारा, वादळ, भावाच्या रिकाम्या खोल्या. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला. त्यांचं माहेरही समुद्रकाठचंच. "हमारे यहाँ भी यही हुआ था. तूफ़ान गया, पर लोग नहीं आए. फिर एक परिवार आया, सबसे पहले. मेरी माँ आज भी उनके नाम का दीया जलाती है." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "भगवान के सामने हाँ बोल दिया, तो अब जाना पड़ेगा. रास्ता बताइए." मी गावाचं नाव, स्टेशन, भावाचा नंबर सांगितला. दिल्लीतल्या "बिल्कुल चलेंगे"वर माझा विश्वास राहिला नव्हता, म्हणून घरी आल्यावर मी हे कुणाला बोललेसुद्धा नाही.

दिवाळी जवळ आली तशी मी भावाला फोन करायचं टाळू लागले. तो काय सांगेल हे मला माहीत होतं. सामान बांधायला घेतलंय, हेच ना? धनत्रयोदशीला त्याचाच फोन आला आणि मागे इतका गलका होता की मला काही ऐकू येईना. "ताई, तुझी ओडिशाची मावशी इली!" तो ओरडून सांगत होता. मावशी एकट्या आल्या नव्हत्या. घरची माणसं होती, आणि त्यांच्याबरोबर सकाळी पार्कात फिरायला येणाऱ्या मैत्रिणीही होत्या. उतरल्या उतरल्या त्यांनी आधी रवळनाथाचं देऊळ कुठे आहे ते विचारलं. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्या जणी रापणीचा दोर ओढायला उभ्या राहिल्या. जो दोर ओढेल त्याला माशांचा वाटा मिळतो, हे कळल्यावर त्यांनी हक्काने आपला वाटा मागून घेतला आणि वहिनीच्या चुलीपुढे आणून ठेवला. मी भावाला विचारलं, "मग आता परत कौल लावलास का? देव काय म्हणाला?" तेव्हा मागून वहिनीचा आवाज आला, "कौल कसलो लावतास? पाहुणे पानार बसलेत, आधी सोलकढी वाढ!" मी बाल्कनीत उभी राहून ढसाढसा रडले. शेजारीण घाबरून विचारायला आली, "क्या हुआ? सब ठीक है ना?" मी म्हटलं, सगळं ठीक आहे.

मावशींनी तिथून फोटो पाठवले, त्यांच्या मैत्रिणींनी आपापल्या नातेवाइकांना पाठवले. माझे फोटो बघून जे हलले नव्हते ते यांचे फोटो बघून निघाले. मी आमच्या घरची, मी चांगलंच सांगणार, असं लोकांना वाटलं असणार. आणि ते बरोबरच होतं. ज्याला मागायचं आहे त्याने स्वतःच्या मागण्याला स्वतःच होकार द्यायचा नसतो, हा साधा नियम मी जन्मापासून ऐकत आले होते, पण वर्षभर मीच मागत होते आणि मीच "व्हय" म्हणत होते. मावशी चुकीच्या दाराने आल्या की त्यांना कुणी आणलं, यावर मी वाद घालत नाही. माझ्याकडून देवाचं नाव चुकलं, त्यांच्याकडून गेट चुकलं, आणि काम तेवढं बरोबर झालं, एवढंच मला माहीत आहे.

नाताळच्या सुट्टीत मी गावी गेले. माझ्या माहेरी मला झोपायला खोली नव्हती, सगळ्या भरलेल्या! मी ओटीवर चटई टाकून झोपले आणि इतकी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. सकाळी वहिनीबरोबर देवळात गेले. वाटेत मी म्हटलं, त्या दिवशी देव गप का राहिला असेल गं? वहिनी म्हणाली, "गप खंय होतो? माणसां जमवीत होतो. तेका वेळ नको?"

देवळात भावाकडे उतरलेलं एक जोडपं आधीच बसलेलं होतं. ते उत्तराखंडातल्या एका छोट्या गावाहून आले होते. पावसाळ्यात त्यांच्याकडे डोंगर खचला, रस्ता तुटला. रस्ता पुन्हा झाला, पण त्यांच्या छोट्या हॉटेलात तेव्हापासून कुणी उतरलं नव्हतं. ज्यांचं आपल्यासारखंच झालं ती माणसं पुन्हा कशी उभी राहिली, ते बघायला ते आले होते. गुरव त्यांच्यासाठी गाऱ्हाणं घालायला उठला. "बा महाराजा! ही लेकरां लांबच्या डोंगरातसून इली आसत..." त्या बाईंनी हळूच माझा हात धरला आणि विचारलं, "हमें क्या बोलना है?" मी म्हटलं, "आप कुछ मत बोलिए. माँग आपकी है. बोलना हमें है."

आणि गुरवाने, यांच्या वाटेवर माणसांची पावलं वळू देत, असं मागितलं तेव्हा मी पोटातून आवाज काढून म्हटलं, "व्हय महाराजा!"

येत्या मे महिन्यात आम्ही डोंगरात जाणार आहोत. डबा खाताना ज्याला मी सुनावलं होतं, त्या सहकाऱ्यालाही बरोबर घेतलंय, गेल्या महिन्यात तो आमच्या किनाऱ्यावर जाऊन आला. भावाला मात्र आमच्याबरोबर येता येणार नाही. मे महिन्यात त्याच्याकडे एकही खोली रिकामी नाही.