शेषेराव वायरमनचं दार

कॅमेरा मुठीएवढा होता. पांढरा, गुळगुळीत, आणि पाठीमागून एकच वायर निघालेली, तीही फक्त विजेची. बाकी सगळं हवेतून. शेषेरावांनी तो तीनदा उलटापालटा करून पाहिला. एकतीस वर्षं वीज मंडळात वायरमन म्हणून काढलेल्या माणसाला ही गोष्ट पटायला जड जात होती. औसा तालुक्यात कुठल्याही गावची लाईट गेली की ते सायकल घेऊन तारेखालनं निघायचे. तार कुठं लोंबलेली, कुठं काळी पडलेली, कुठं तिच्यावर बाभळीची फांदी पडलेली. बिघाड कुठंतरी असायचाच, आणि तो डोळ्याला दिसायचा. इथं तारच नव्हती, मग माग काढायचा कशाचा?

आणि हे सगळं रविवारच्या संध्याकाळपर्यंत जमवायचं होतं.

त्यांची नात, लेक उज्वलाची रत्नेश्वरी, म्हणजे रत्ना, नांदेडला दहावी झाली होती. आता अकरावी, आणि सोबत डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची शिकवणी, त्यासाठी ती लातूरला येणार होती. दोन वर्षं. आजोबांच्या फ्लॅटपासून क्लास चालत दहा मिनिटांवर. बायको केवळाबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून शेषेराव एकटेच राहत. त्यांनी मागची खोली रंगवून घेतली, टेबल आणलं, आणि ट्यूबलाईट स्वतः डाव्या अंगाला बसवली. लिहिताना वहीवर हाताची सावली पडू नये म्हणून.

पण जावई व्यंकटराव अडून बसले होते. नांदेडला त्यांचं बी-बियाणांचं दुकान. माणूस वाईट नव्हता. फोनवर म्हणाले, "मामा, पोरीला तुमच्याकडं ठेवायला माझी ना न्हाई. पर तुमचं दार दिवसरात्र सताड. त्या बिल्डिंगमधी निम्मे भाडेकरू, कोण येतं कोण जातं पत्ता न्हाई. परवाच वरच्या मजल्यावरनं पोरांचे दोन लॅपटॉप गेले म्हणून उज्वलाच सांगत होती. पोरीची जात. कसं ठेवू, तुम्हीच सांगा."

"उघडं नसतंय. लोटलेलं असतंय."

"कडी असतीया का?"

कडी नव्हती. फ्लॅट घेतला त्याच दिवशी त्यांनी दाराची कडी, बोल्ट, कुलपाचा खटका, सगळं स्क्रू काढून पिशवीत घातलं होतं आणि भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. पावसाळ्यात लाकूड फुगून दार चौकटीत धरायला लागलं तेव्हा सुताराला बोलावून कडा रंध्यानं इतकी तासून घेतली की दार बोटानं उघडावं. खाली पाटाचा तुकडा लावला की ते लोटलेलं राहायचं.

बिल्डिंगमधल्या जुन्या लोकांना कारण माहीत होतं, म्हणून कुणी काही म्हणत नसे. त्र्याण्णव साली भूकंप झाला त्या पहाटे शेषेराव औशाला सबस्टेशनवर ड्यूटीला होते. बायको लहानग्या उज्वलाला घेऊन कंधारला माहेरी गेलेली. गावच्या घरात आई आणि धाकटा भाऊ. ते गावात पोचले तेव्हा उजाडलं होतं. दगडमातीच्या भिंती बसल्या होत्या, चौकट तेवढी तिरकी होऊन उभी होती, आणि दार आतून कडी लावलेलं. दारामागून भावाचा आवाज येत होता. "दादा, कडी निघंना." शेषेरावांनी हातानं, मग पहारीनं दगड उपसले. दुपारी दार निघालं. आवाज त्याच्या आधीच थांबला होता.

हे ते कुणाला सांगत नसत. व्यंकटरावांना उज्वलानं सांगितलं होतं. ते हळहळले होते, आणि तरीही त्यांना मुलीची काळजी वाटत होती. दोन्ही खरं होतं. शेवटी त्यांनीच मार्ग काढला: दारासमोर कॅमेरा लावा, माझ्या मोबाईलवर दिसू द्या, मग कडीचं मी नाव काढणार न्हाई. रविवारपर्यंत दिसलं तर ठीक. नाहीतर सोमवारी होस्टेलचे प्रवेश बंद होतायत, मला तिथं पैसे भरावे लागतील.

शुक्रवारी सकाळी शेषेराव कामाला बसले. मोबाईलमध्ये कॅमेऱ्याचं ॲप घ्यायचं, त्यात नाव नोंदवायचं. नाव नोंदवलं की खात्रीचा ओटीपी येतो. तो आला केवळाबाईंच्या बंद पडलेल्या फोनवर, कारण ईमेल काढताना कुणीतरी त्याच फोनचा नंबर टाकलेला. नवीन ईमेल काढण्यात दुपार गेली. चार वाजता तळमजल्यावरचा सरदार वर आला. सरदारचं झेरॉक्सचं दुकान. बाप-आजा वह्या-पुस्तकांना जिल्द बांधायचे, आता हा शिकवणीच्या नोट्सचे गठ्ठे बांधायचा. तीस वर्षांची ओळख.

"काय करायलास रे शेषेराव? सकाळपासून खाली उतरला न्हाईस."

"पासवर्ड मागायलंय."

"दे की."

"दिला. केवळाचं नाव टाकलं. कमजोर आहे म्हणतंय."

सरदार चष्मा वर करून हसला. "वहिनीला कमजोर? तिनं ऐकलं असतं तर कॅमेऱ्याची खैर न्हवती. टाक, नावापुढं तुमच्या लग्नाचं साल टाक. आन् एक अक्षर मोठं कर."

मग कॅमेऱ्यानं पासवर्ड घेतला. आता मोबाईलवर आलेला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन कॅमेऱ्यापुढं धरायचा होता. शेषेरावांनी धरला. कॅमेऱ्यातून बाईचा आवाज आला, गोड आणि थंड: "नेटवर्क से नहीं जुड़ पाया. कृपया पुनः प्रयास करें."

त्यांनी पुन्हा धरला. जवळून, लांबून, तिरका, दिवा लावून, दिवा घालवून. बाई तेच बोलत राहिली.

"ही लई अदबीनं न्हाई म्हणते," सरदार म्हणाला. "आमच्या घरी असं कुणी बोलत न्हाई."

शनिवारीही तेच. शेषेरावांनी कॅमेरा खुंटीवर लावला, टेबलावर ठेवला, इंटरनेटच्या डबीला टेकवून ठेवला. कंपनीला फोन लावला. पंधरा मिनिटं पेटीचं संगीत ऐकवून फोन कटला. सगळ्यात जास्त कशाचा राग येत असेल तर या गोष्टीचा की कुठं चुकलं ते कोणी सांगत नव्हतं. खांबावर चढलेल्या माणसाला तार झटका देते, पण खोटं बोलत नाही. इथं डबीवर हिरवा दिवा, कॅमेऱ्यावर निळा दिवा, मोबाईलवर पूर्ण रेघा, सगळं ठीक असल्याचं सांगणारं, आणि चालू काही नाही. दुपारी त्यांनी जेवण तसंच झाकून ठेवलं. डोळ्यांपुढं मागची खोली होती, तिच्यातलं कोरं टेबल होतं.

रविवारी सकाळी सरदार कॅमेऱ्याच्या खोक्यातला कागद भिंग लावून वाचत बसला. कागद हाताच्या पंजाएवढा, अक्षरं मुंगीएवढी.

"अरे शेषेराव, तुझ्या डबीतनं वायफायची दोन नावं निघतात. एक साधं, एक जलद. तू कॅमेऱ्याला कोणतं दिलं?"

"जलद. चांगलं तेच असणार."

"ह्याला फक्त साधं कळतं म्हणून लिहिलंय इथं. तळाला."

शेषेराव त्याच्याकडं बघत राहिले. "अडीच दिवस, सरदार."

"तू वायरमन. तुला जादा दाबाची सवय."

साधं नाव दिलं, आणि बाई म्हणाली, "नेटवर्क से जुड़ गया है." शेषेरावांनी स्टुलावर चढून कॅमेरा दारासमोरच्या भिंतीवर बसवला. सरळ, ओळंब्यात, आयुष्यभर मीटर बसवलेल्या हातानं. अकराला नांदेडहून फोन आला. व्यंकटराव खूश. "दिसतंय मामा! तुम्ही, सरदारभाऊ, दार, जिना, समदं." मागून रत्नाचा आवाज आला, "आबा, वरनं तुमचं टक्कल चकचक करायलंय!"

"ये तू. तेल लावायला कुणी न्हाई त्याला," शेषेराव म्हणाले. बऱ्याच महिन्यांनी ते मोठ्यानं हसले. सरदारला त्यांनी जेवायलाच बसवून घेतलं.

पाच वाजता पुन्हा फोन आला. या वेळी व्यंकटरावांचा आवाज दमलेला होता.

"मामा, दुपारपासनं दोनशे बारा वेळा फोन वाजला. काही हाललं की हा कॅमेरा खबर देतोय. गिऱ्हाईक हसायलेत. मी दर वेळी घाबरून उघडून बघतो, तर तुमचं दार डुलायलंय."

डुलत होतं खरं. जिन्याच्या खिडकीतून वारं यायचं आणि रंध्यानं तासलेलं, कडीविना असलेलं ते हलकं दार बोटभर आत, बोटभर बाहेर व्हायचं. पाट लावलेला असला तरी. इतक्या वर्षांत शेषेरावांना ते कधी दिसलं नव्हतं. कॅमेऱ्याला ते चोरासारखं दिसत होतं.

पाटाऐवजी पाण्याची घागर लावली. दार घागरीवर टकटक वाजायला लागलं. सरदारनं ॲपमध्ये शोधून कॅमेऱ्याची नजर मंद केली. दार डुललं, खबर गेली नाही. मग सरदार डोक्यावर कागदांचा गठ्ठा घेऊन मुद्दाम आत आला, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला आणि बाहेर गेला. नांदेडला काहीच कळलं नाही.

"मी चोर असतो तर टीव्ही नेला असता," सरदार म्हणाला, "वर पाणी पिऊन."

व्यंकटरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "मामा, एक साधी कडी. बस. कॅमेरापण नको मग."

फोन रत्नानं घेतला. "आबा, मी लावत जाईन की कडी. मी आतून लावीन, मीच काढीन. तुम्ही हातपण लावू नका."

शेषेरावांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "सरदार, तुझ्याकडं कडी हाय का?"

सरदारच्या दुकानात जुन्या शटरची एक होती. शेषेरावांनी ती स्वतः बसवली. चार स्क्रू, पाच मिनिटांचं काम. म्हणाले, "तू आत थांब. मी बाहेर थांबतो. लावून बघ, बसते का."

ते जिन्यावर आले. दार लागलं. लोखंड लोखंडात सरकल्याचा आवाज झाला. त्यांनी तळहात ठेवून दार ढकललं. ते हललं नाही. आणि दारामागून सरदारचा आवाज आला, नेहमीचा, जरासा दबलेला:

"लागली बघ कडी!"

शेषेराव दार ठोकायला लागले. आधी तळहातानं, मग दोन्ही मुठींनी, मग खांद्यानं. "काढ. सरदार, काढ! काढ म्हणतो ना!" वरच्या मजल्यावरच्या खोल्यांतून पोरं जिन्यात येऊन उभी राहिली. आत सरदारनं घाईत कडी उलटी दाबली, ती नुकतीच बसवलेली असल्यानं जरा अडली, तेवढ्या दोन-तीन क्षणांत शेषेरावांच्या हाताची सालटी निघाली.

दार उघडलं. सरदारनं त्यांच्या तोंडाकडं एकदा पाहिलं. मग स्टुलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि कडी काढायला लागला.

शेषेरावांनी नांदेडला फोन लावला. "व्यंकटराव, तिला होस्टेलात टाका. माझ्यानं व्हायचं न्हाई."

"आबा..." मागून रत्ना म्हणाली.

"अभ्यास कर," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

सोमवारी सगळे होस्टेलवर जमले. तीन मजली इमारत, नव्वद मुली, सोळा कॅमेरे. व्यंकटरावांनी पैसे भरले आणि तिथल्या तिथं त्यांच्या मोबाईलवर होस्टेलचं चित्र सुरू झालं. वायरवाले कॅमेरे होते. काही डुलत नव्हतं. उज्वला गादीवर चादर घालत होती आणि वडिलांकडं बघायचं टाळत होती.

"हे बघा मामा," व्यंकटराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "हा व्हरांडा. हा जिना. आन् हे जिन्याचं ग्रिल. रात्री नऊला कुलूप, सकाळी पाचला उघडणार. किती स्पष्ट दिसतंय."

शेषेरावांनी मोबाईल हातात घेतला. कुलूप खरंच स्पष्ट दिसत होतं. पितळी, वितीएवढं.

ते जिना उतरून ग्रिलच्या बाहेर आले. तिथं स्टुलावर वॉचमन बसला होता, महादेवप्पा, निलंग्याकडचा, पन्नाशीचा.

"चावी कुणाकडं असती?"

"माझ्याकडंच की, मालक." त्यानं कमरेची किल्ल्यांची जुडी दाखवली.

"झोपतोस कुठं?"

"इथंच. ग्रिलच्या भायेर."

"लाव कुलूप. आन् उघडून दाखव."

"आता? दिवसा?"

"आता."

महादेवप्पानं कुलूप लावलं. मग जुडीतली चावी शोधली. पहिली चुकली, दुसरी चुकली. तिसरी लागली, पण फिरेना. त्यानं कुलूप हलवलं, ओढलं, एकदा ग्रिलवर आपटलं, तेव्हा ते सुटलं.

"पावसाळ्यात जरा धरतंय," तो म्हणाला.

वर जिन्यात व्यंकटराव येऊन उभे राहिले होते. "मामा, लोक बघायलेत. चला आता."

"रत्ना," शेषेरावांनी हाक मारली, "तुझ्या सामानात तेल असंल, ते आण."

रत्ना खोबरेल तेलाची बाटली घेऊन धावत आली. शेषेराव खाली पायरीवर बसले, सोललेल्या हातांनी कुलूप उलटं धरलं आणि भोकात थेंब थेंब तेल सोडलं. चावी घालून फिरवली, काढली, पुन्हा घातली. जुडीतून तेवढी एक चावी वेगळी काढून तिला रत्नाच्या केसांचा रबर गुंडाळला, म्हणजे बोटाला कळावी. मग सगळं महादेवप्पाच्या हातात दिलं. त्यानं लावून उघडलं. एका झटक्यात उघडलं.

"आणखी एकदा," शेषेराव म्हणाले.

त्यानं पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. कौतुकाच्या अपेक्षेनं वर पाहिलं.

"आता डोळे मिटून. लाईट गेल्यागत."

महादेवप्पानं व्यंकटरावांकडं पाहिलं. रत्ना ग्रिलच्या आतल्या बाजूला उभी होती, दोन गज धरून. महादेवप्पानं कुलूप लावलं, डोळे मिटले, ते चाचपलं, आणि त्याची चावी भोकाच्या आजूबाजूला पितळेवर खरडत राहिली.