दोघांत एक पास

लग्न मोडायला निघालेल्या दोघांनी एकाच पासावर गाण्याच्या कार्यक्रमाला जावं, ही अक्कल माझ्या सासूबाईंची. लासूर स्टेशनहून त्यांचा फोन आला तेव्हा कोर्टातली शेवटची तारीख अकरा दिवसांवर आली होती. मी ऑफिसात बसून बिडकीनकडच्या कुठल्याशा लेआउटचे रस्ते आखत होते.

"व्हय गं, तो गाण्याचा पास हाय ना तुमचा? मग जा की दोघं. लई पैसे घातलेत त्यात. भांडायचं तर तिथं जाऊन भांडा."

मी म्हटलं, "आई, आम्ही आता भांडत नाही."

त्या म्हणाल्या, "तेच तर वाईट हाय, बाई."

पास घेतला तेव्हा आम्ही एका घरात राहत होतो. आमच्या आवडीचा बँड पहिल्यांदाच आमच्या शहरात येणार होता, बीड बायपासच्या मैदानावर. नवऱ्यानं मोबाइलवर बुकिंग उघडलं तोवर व्हीआयपीतले एकेकट्याचे पास संपले होते, जोडीचे शिल्लक होते. त्यानं मला विचारलंसुद्धा नाही, घेऊन टाकला. एक पास, त्यावर दोघांची नावं. गेटवर दोघांनी ओळखपत्र घेऊन सोबत यायचं, मग तंबूत बँडला भेटायचं, फोटो काढायचा आणि स्टेजला खेटून उभं राहून गाणी ऐकायची. मी त्या दिवशी घरभर नाचले होते. खरंच नाचले होते, खोटं कशाला सांगू?

पण ते दुष्काळाचं वर्ष होतं. मैदानावर धूळ उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारणार, अशी बातमी पेपरात आली आणि झालं! ज्या शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं, तिथं मैदानं भिजवायची? बायका हंडे घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्यात आमच्या गल्लीतल्याही होत्या. मीच घरी बसले होते, कारण मला मनातून कार्यक्रम व्हायला हवा होता. परवानगी गेली. पुढच्या वर्षीही पावसानं हात आखडला, तारीख पुन्हा पुढं गेली. पास तेच चालतील, असा दर वेळी मेसेज यायचा. तिसऱ्या हिवाळ्यात कार्यक्रम नक्की झाला, तेव्हा आम्हाला वेगळं राहून दीड वर्ष उलटून गेलं होतं.

काय झालं होतं आमच्यात? लोक विचारायचे तेव्हा मलाच लाज वाटायची, इतकं काही झालं नव्हतं. मारहाण नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. तो वाळूजला कंपनीत, शिफ्टमध्ये. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात, हर्सूलपासून बायपासपर्यंत कुणाकुणाच्या शेतांवर रो-हाउसच्या रेघा मारत. तो घरी यायचा तेव्हा मी निघायचे. पाणी येण्याचा दिवस आला की घरी कोण थांबणार, एवढ्यावरच आमचं बोलणं व्हायचं. एकदा त्यानं मोटर लावली आणि डोळा लागला त्याचा. गच्चीवरची टाकी भरून अर्धा तास वाहत होती. ऐन दुष्काळात! खाली माणसं जमून ओरडत होती. मी बाहेरून आले, मोटर बंद केली आणि एक शब्द न बोलता दुसऱ्या खोलीत जाऊन आडवी झाले. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "अगं, शिव्या तरी दे." मला देता आल्या नाहीत. मला रागच आला नव्हता. मी, जिला भाजीवाल्यानं एक सडकी मिरची घातली तरी राग यायचा!

दात काढायच्या आधी सुई देतात, तसं माझं झालं होतं. गाल आपलाच असतो, पण बोट लावलं तरी कळत नाही. वेगळं व्हायचं मी म्हटलं, तो बरं म्हणाला. माझं सामान टेम्पोत चढवताना तोच माझ्या कपाटाला दोरी बांधत होता, चांगली घट्ट, दोन गाठी मारून. मी बघत उभी होते. डोळ्यांत पाणी आणायचा प्रयत्नसुद्धा करून पाहिला. आलं नाही.

सासूबाईंचा फोन ठेवल्यावर मी तशीच बसून राहिले आणि स्वतःशी एक गोष्ट ठरवली. कुणाला सांगितली नाही, कारण ऐकणाऱ्यानं मला वेड्यात काढलं असतं. बँडचं एक गाणं होतं, आमचं दोघांचं. तंत्रनिकेतनला असताना आम्ही ते एकच हेडफोन दोघांत घालून ऐकायचो, एक कानाला त्याच्या, एक माझ्या. सुरुवातीला नुसती गिटार, बराच वेळ, आणि मग एकदम ड्रम. ड्रम सुरू झाला की माझ्या अंगावर काटा यायचा. हातावरचे केस उभे राहायचे आणि तो ते बघून हसायचा. काटा दर वेळी यायचा, एकदाही चुकला नाही. तर ठरलं असं, की त्या गाण्याला काटा आला तर मी कोर्टात सांगणार, साहेब, थांबा, आम्हाला अजून विचार करायचाय. नाही आला तर सही करून मोकळं व्हायचं. एवढं मोठं काम मी एका गाण्यावर टाकलं होतं.

वकीलबाईंना कार्यक्रमाचं सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "दीड वर्ष वेगळे राहतोय असं लिहून दिलंय आपण, आणि तुम्ही जोडीनं दात काढून फोटो काढणार? जा बाई, पण तो फोटो कुठं टाकू नका."

मी रिक्षानं गेले, तो मोटरसायकलवर आला. गेटवर आम्ही एकमेकांना "आलीस?" आणि "हो, आले" एवढं म्हणालो. त्यानं निळा शर्ट घातला होता. नवा होता आणि घडीच्या रेघा दिसत होत्या. ओळखपत्रं बघून तिथल्या मुलीनं दोघांच्या मनगटाला सोनेरी पट्ट्या बांधल्या आणि "एंजॉय करा हं, दादा-वहिनी" म्हणाली. मी मनात म्हटलं, कसली वहिनी न् कसलं काय! यंदा पाणी मारायची कुणाची छाती झाली नव्हती, सगळ्या मैदानावर हिरवी मॅट अंथरली होती. तिच्याखालून धूळ उडायची ती उडतच होती. सगळे खोकत होते.

तंबूत रांग होती. आमच्या पुढं कॉलेजातल्या दोन मुली होत्या. बँडला बघितल्याबरोबर त्या अशा रडायला लागल्या की एकीला खुर्चीवर बसवावं लागलं. मला तिचा हेवा वाटला म्हणावं, तर तेवढंही वाटलं नाही. मी नुसती बघत होते. मग आमचा नंबर आला. ती चार माणसं, ज्यांची चित्रं मी वहीच्या मागं काढायचे, माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. चौघेही मला वाटायचे त्यापेक्षा बुटके होते. गाणाऱ्याला धुळीनं खोकला झाला होता, हातात गरम पाण्याचा पेला होता. भला माणूस वाटला. त्यानं हिंदीत विचारलं, "दोघं कधीपासून ऐकताय आम्हाला?"

नवरा म्हणाला, "कॉलेजपासून. तुमच्या गाण्यांवरच जमलं आमचं."

"वा! आणि आता लग्नाला किती वर्षं झाली?"

मी नवऱ्याकडं बघितलं नाही. "नऊ," मी म्हटलं.

"भांडता की नाही?"

"हिच्याशी भांडून जिंकणाराय का कोणी?" नवरा म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसले. किती सहज जमलं आम्हाला ते! दीड वर्षात आम्ही मिळून केलेलं पहिलं काम म्हणजे ते खोटं बोलणं.

फोटोवाला म्हणाला, "सर, मॅडमच्या जवळ या जरा." नवऱ्यानं माझ्या खांद्यामागून हात आणला, पण खांद्यावर टेकवला नाही. बोटभर वर धरून ठेवला. त्याच्या हाताची ऊब मात्र मानेला कळत होती, आणि मी वाट बघत होते की आता काहीतरी वाटेल. फ्लॅश पडला. "नेक्स्ट," फोटोवाला म्हणाला आणि आम्ही तंबूच्या दुसऱ्या दारानं बाहेर आलो. इतकी वर्षं ज्याची वाट बघावी ते असं होऊन जातं, आणि माणूस घड्याळात बघतो. मी बघितलं घड्याळात.

स्टेजसमोर आम्ही कठड्याला धरून उभे राहिलो. एक गाणं झालं, दुसरं झालं, पाचवं झालं. आवाज छातीत धडका देत होता, माणसं उड्या मारत होती. माझ्या डोक्यात चाललं होतं की स्टेजच्या मागचा लोखंडी सांगाडा जरा तिरका आहे. मधेच मला धुळीचा ठसका लागला. तो माझ्या कानाशी येऊन ओरडला, "पाणी आणतो," आणि गर्दीत शिरला.

तो गेला आणि दिवे मंद झाले. गिटार सुरू झाली.

ती कोणत्या गाण्याची, ते पहिल्या दोन सुरांत कळलं. मी मागं वळून बघितलं, तो दिसला नाही. वाटलं, चुकणार याचं, आणि तेही क्षणभरच. मग मी समोर वळले. गिटार चालूच होती, बराच वेळ, तशीच, आणि मग ड्रम आला. काय सांगू! मनगटापासून मानेपर्यंत सर्रकन काटा आला. हातावरचे केस उभे राहिले. मला रडू आलं आणि हसू आलं, आणि मी मोठ्यानं, बेसूर, शब्द न् शब्द म्हणायला लागले. माझ्या दोन्ही बाजूंना कोण होतं, मला ठाऊक नाही. कुणी नसतं तरी चाललं असतं. मी एकोणीस वर्षांची नव्हते, कुणाची बायको नव्हते, कुणाची कोणी नव्हते. जिवंत होते, बास.

आणि कडव्याच्या मधे मी मान वळवली तर तो येत होता. निळा शर्ट, हातात बाटली, लोकांना "जरा सरका, भाऊ" म्हणत. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. काटा गेला. हातावरचे केस एकेक करून खाली बसले, मी ते बघितलं. गाणं अजून अर्धं बाकी होतं. तेच गाणं, तोच ड्रम, आणि मी पुन्हा तशीच गाल बधिर झालेल्यासारखी उभी.

त्यानं बूच उघडून बाटली मला दिली. विचारलं, "कधी सुरू झालं?"

"आत्ताच," मी म्हटलं.

तो मान हलवून स्टेजकडं बघायला लागला. मी पाणी प्यायले. मला त्याचा राग आला नाही. आपण एका भल्या माणसाच्या शेजारी उभ्या आहोत आणि त्यानं परत जावं असं आपल्याला वाटतंय, हे मला कळत होतं. त्याची शरम वाटायला हवी होती. तीही दोन दिवसांनी वाटली.

तारखेच्या दिवशी कोर्टात खूप गर्दी होती. आमचा पुकारा झाला. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून आम्हा दोघांकडं बघितलं आणि विचारलं, "पुन्हा एकदा नीट विचार केलात का? एकत्र राहण्याची काही शक्यता?" माझं ठरलं नव्हतं अजून. काटा तर आला होता. माझ्याच अटीप्रमाणे मी थांबा म्हणायला हवं होतं, आणि तोंड उघडत नव्हतं. तेवढ्यात तो म्हणाला, "केला विचार, मॅडम. शक्यता नाही." मग बाईंनी मला विचारलं. मी "नाही" म्हटलं. सह्या झाल्या. एखाद्या बँकेत लागतो तेवढाच वेळ लागला.

बाहेर पार्किंगमध्ये माझं डोकं सणकलं. नऊ वर्षांत ज्यानं भाजी कोणती करायची हेसुद्धा कधी स्वतः ठरवलं नाही, तो आज माझ्या आधी बोलला! मी म्हटलं, "बरीच घाई होती तुला."

त्यानं हेल्मेट गाडीच्या टाकीवर ठेवलं. म्हणाला, "त्या दिवशी पाणी लगेच मिळालं होतं मला. कधी सुरू झालं, हे मी उगाच विचारलं. ड्रम आला तेव्हा मी तुझ्या मागंच होतो, चार माणसं सोडून."

मी हेल्मेटवरच्या ओरखड्यांकडं बघत राहिले.

"तू रडत होतीस. आणि हसत होतीस. लग्नाआधी तू दिसायचीस ना, तशी. मला वाटलं, सगळं आहे अजून, मी उगाच घाबरत होतो. म्हणून तर आलो पुढं, लोकांना ढकलत."

"मग?"

"मग तू मला बघितलंस," तो म्हणाला, "आणि थांबलीस."

तसं नव्हतं, असं म्हणता आलं असतं. मी ते म्हटलं नाही. त्यानं हेल्मेट घातलं, गाडी सुरू केली, गेटपाशी एका रिक्षाला वाट दिली आणि वाळूजच्या बाजूला वळला. तो दिसेनासा झाला तेव्हा मला वाटलं. इतक्या दिवसांनी त्याच्यासाठी काहीतरी वाटलं, आणि ते इतकं दुखत होतं की मी कुणाच्यातरी स्कूटरला धरून उभी राहिले.