वर्लीनबाईंचं "होय, साहेब"

वर्लीनबाईंच्या तोंडात "होय, साहेब" हे शब्द दुधाच्या दातांबरोबरच आले. लुइझियानातल्या त्यांच्या गावात काळ्या पोरीनं गोऱ्या माणसाला दुसरं काही म्हणायचंच नसतं, हे आईनं चापट्या मारून शिकवलेलं. पुढं जन्म गेला लाँड्रीत इस्त्री फिरवण्यात. गिऱ्हाइकानं विचारलं, "डाग जाईल ना?" की बाईंचं "होय, साहेब." मग डाग जावो की राहो!

अशा बाईंना ज्यूरीत, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या बारा साध्या माणसांत, बसवलं. एल्डन नावाच्या तरुणावर खटला होता, दुकानदाराच्या खुनाचा. साक्षीदार एकच, आणि त्यानंही तिन्हीसांजेला रस्त्यापलीकडून पाहिलेलं. दोषी ठरला तर एल्डनला मरेपर्यंत तुरुंग. आणि तेव्हाचा तिथला कायदा काय, तर बारापैकी दहा जण 'दोषी' म्हणाले की संपलं. उरलेल्या दोघांना विचारतो कोण!

बंद खोलीत नऊ जण 'दोषी' म्हणाले, तिघांना पटेना. बाई त्या तिघांतल्या. ज्यूरीचा म्होरक्या हार्लन वैतागला.

"अहो बाई, जेवणाची वेळ टळून गेली. तुमच्यापायी सगळ्यांनी उपाशी मरायचं का?"

"त्यानंच केलं असं मला वाटत नाही, साहेब."

"वाटण्यावर कोर्ट चालतं होय?"

बाई गप्प बसल्या. त्यांना वाद घालायची सवयच नव्हती. गप्प म्हणजे कबूल, असं धरून हार्लननं कोर्टाला 'दोषी'ची दहा मतं सांगून टाकली.

मग रीतीप्रमाणे कोर्टात न्यायाधीश एकेकाला विचारू लागले. बाईंची पाळी आली.

"हा तुमचा निर्णय आहे का?"

"होय, साहेब."

मेल्या जिभेनं दगा दिला! मागच्या बाकावर एल्डनची आई मटकन खाली बसली. न्यायाधीश पुढच्या माणसाकडे वळले. अगं बाई, हे काय बोलून बसले मी? एका शब्दानं परक्याचं पोर घालवलं! त्यांना स्वतःचीच भयंकर चीड आली. त्या उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, जरा थांबा."

"बसा बाई, तुमचं झालं."

"होय, साहेब," बाई म्हणाल्या, पण बसल्या नाहीत. "मघाचं 'होय' माझ्या आईनं शिकवलेलं होतं. मला विचारत असाल, तर नाही."

'दोषी' म्हणणारे नऊच उरले. सगळ्यांना पुन्हा त्या खोलीत जावं लागलं, उपाशीच.